मशेरीच बरी, असं मी म्हणाले

माझ्या आईच्या तोंडात आता एकही दात नाही. बाहत्तर वर्षांची बाई, कुणीही म्हणेल वय झालं, पडायचेच. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. पण ते खरं नाही. दात मशेरीनं खाल्ले, आणि सुटत आलेली मशेरी पुन्हा तिच्या हातात दिली ती मी.

मी महाडला शाळेत विज्ञान शिकवते, सव्वीस वर्षं झाली. दरवर्षी मुलांना दातांबद्दल सांगते. दातांवर चिकट थर बसतो, त्याला प्लाक म्हणतात, तो रोज काढला नाही तर कडक होऊन त्याचं कीटण होतं, मग हिरडी सुजते, दातापासून सुटते, आणि चांगला धडधाकट दात मुळातून हलायला लागतो. फळ्यावर दात काढते, हिरडीला लाल खडू वापरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण कुणीतरी माझ्यासाठीच करून ठेवली असावी.

माहेर कुडपणचं. पोलादपूरहून वर चढत गेलं की डोंगरमाथ्यावर आमचं गाव. तिथल्या बायकांची सकाळ मशेरीनं उजाडते. तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, त्या धुरानं अख्खी आळी खोकायची, मग ती पानं चुरून, फडक्यातून गाळून डबीत भरायची. चूल पेटली, पाणी तापत ठेवलं की बाई मागच्या पडवीत उकिडवी बसायची. तळहातावर चिमूटभर मशेरी नि बोट हिरडीवरून फिरत राहायचं, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. तेवढ्या वेळात तिला कुणी काम सांगत नसे, कारण तोंड भरलेलं असे आणि उत्तर येत नसे. दात घासणं आपलं नावाला. दिवसभरात आमच्या आयांना टेकायला मिळायचं ते तेवढंच, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी नुसती चिडायची.

मला मात्र आईनं त्या डबीला कधी हात लावू दिला नाही. बरोबरीच्या पोरी दहाव्या-बाराव्या वर्षीच मशेरी लावायला लागायच्या. मी एकदा बोट घातलं तर तिनं मनगटावर पळी हाणली. "तुला शाळंत जायचं हाय. मास्तरीण कदी मशेरी लावते काय गो?" म्हणजे ही वस्तू वाईट आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वतःपुरता मात्र तिनं त्याकडे काणाडोळा केला होता.

सात वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे महाडला आली. डॉक्टरांनी दीड महिना चुलीचा धूर नको म्हणून बजावलं होतं, म्हणून तिला ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझं पांढरं बेसिन काळं! माझं डोकंच फिरलं. तिच्या उशाची डबी उचलली, संडासात रिकामी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. आई एका डोळ्यावर पट्टी बांधून दारात उभी राहून बघत होती. रिकामी डबी तेवढी मागून घेतली.

त्याच संध्याकाळी बाजारातून तिच्यासाठी ब्रश आणला. दुकानदारानं विचारलं, सॉफ्ट का हार्ड? मी म्हटलं, हार्डच द्या, इतक्या वर्षांचा काळेपणा निघायला हवा. आमच्या महाडात हार्डच खपतो. पूर ओसरला की खराट्यानं फरश्या घासणारी माणसं आम्ही, जोर लावला म्हणजे स्वच्छ झालं, एवढंच आम्हाला कळतं. विज्ञानाच्या बाईंनाही तेवढंच कळत होतं.

पुढचे पाच-सहा दिवस घरात कुणाला सुख नव्हतं. आईचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चहा पुढे केला तर "ठेव तिकडं" म्हणून खेकसायची. पण मी दिलाय म्हणून ब्रश मात्र रोज धरायची. जात्याचा खुंटा धरावा तसा मुठीत धरायची आणि रगडायची. तिसऱ्या दिवशी थुंकीत जरासं रक्त दिसलं. सहाव्या दिवशी तिनं मला हाक मारली. बेसिन लाल झालं होतं, हनुवटीवर ओघळ आला होता, आणि आई हातातल्या ब्रशकडे बघत उभी होती.

"बग गो, तुज्या बुरसानं काय केलंन ते."

मी घाबरले, खरंच घाबरले. डोळ्याचं ऑपरेशन ताजं, बीपीच्या गोळ्या चालू, त्यात हे रक्त. महाडात दातांचे डॉक्टर पायलीचे पन्नास, आमच्या गल्लीच्या तोंडालाच एक आहे. पण एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर कशाला, असं मला वाटलं. सगळं आपल्याला कळतं हा मास्तरकीचा रोग, दुसरं काय! मी तिच्या हातातून ब्रश घेतला आणि म्हणाले, "राहू दे गं आये. तुझ्या हिरड्यांना नाही सोसत. मशेरीच बरी तुला."

एवढं बोलून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी स्वतः बाजारात गेले, मशेरीची पुडी घेतली, भाजीच्या पिशवीत मेथीखाली दडवून आणली आणि तिच्या रिकाम्या डबीत भरून दिली. चार दिवसांत रक्त थांबलं. आईचा चेहरा खुलला. "बग, थांबलं का नाय?" मलाही हायसं वाटलं. ब्रशनं रक्त आलं, मशेरीनं थांबलं. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, हेच तर मी वर्गात शिकवते.

गावी परतल्यावर तिनं ती गोष्ट घरोघर सांगितली. "बुरूस लावला तर त्वांड फुटलं माजं. माजी लेक सायन शिकवते, तीच म्हनाली, आये, मशेरीच बरी." पुढच्या शिमग्याला मी गेले तर पालखीपुढे बायकांनी मला घेरलं. "काय गो बाय, शेवटी आमच्याच वाटंला आलीस ना?" मी हसले. खोडून काढण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. उलट सगळ्या आळीत आपल्या शब्दाला किंमत आहे याचं थोडं बरंच वाटलं.

मग आईचे दात जायला लागले. ती सांगायची नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला! नाचणीची भाकरी कालवणात भिजवून खायला लागली, हसताना पदर तोंडावर धरायला लागली. एकदा फोनवर म्हणाली, आज समोरचा गेला. तर मी काय म्हणावं? "दात आहेत तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत." आणि वर हसले. ती पण हसली बिचारी.

गेल्या दिवाळीनंतर भावजयीचा फोन आला. भाऊ नोकरीला मुंबईत, गावचं घर आणि आई ही बाईच सांभाळते. चौतीस वर्षांची, कामाला वाघीण. म्हणाली, "वन्सं, आई जेवत नायत. नुसती पेज पितात. गाल बगा केवढा सुजलाय." मी दोघींना लगेच खाली महाडला बोलावून घेतलं आणि एकदाची ती गल्लीच्या तोंडाची पायरी चढले.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आईचे उरलेले नऊ दात एकेक करून बोटानं हलवून दाखवले. नऊच्या नऊ हलत होते. एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाली, "खालचं हाडच झिजून गेलंय. काढावे लागतील सगळे. कवळी करू, पण हिरडी इतकी बसलीय की ती टिकेल असं मी सांगत नाही." तीन खेपांत नऊ दात काढले. शेवटच्या खेपेला आई तोंडात कापसाचा बोळा धरून बाकावर बसली होती, तेव्हा मला राहवलं नाही. मी सात वर्षांपूर्वीच्या रक्ताची गोष्ट विचारली.

ती हातमोजे काढत काढत सहज सांगत गेली. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडून जातात. हिरडी आतून सडत असते तरी रक्त येत नाही, म्हणून बाईला वाटतं आपलं सगळं छान चाललंय. मशेरी सुटली की हिरडीत पुन्हा रक्त खेळायला लागतं आणि आधीची सूज बाहेर दिसायला लागते. "कडक ब्रशनं थोडं खरचटलं असेल. पण ते रक्त मुख्यतः जुन्या सुजेचं. कीटण काढून घेतलं असतं आणि मऊ ब्रश चालू ठेवला असता, तर पंधरा-वीस दिवसांत थांबलं असतं."

"आणि दात?"

"तेव्हा आल्या असत्या तर बरेचसे राहिले असते. पुन्हा मशेरी लावायला कुणी सांगितलं यांना?"

मी म्हणाले, "गावात कुणीतरी."

शरम वाटली, पण निघून गेलं तोंडातून. आई समोर बसलेली, बोळ्यामुळे तोंड बंद. तेवढ्यात डॉक्टरीण भावजयीकडे वळली. ही बाई ओठ मिटून का हसते, हे तिच्या लक्षात आलं होतं. "तुम्ही बसा बघू खुर्चीत." खालच्या हिरड्या चांगल्या उतरलेल्या, पुढचे दोन दात जरा हलते. मशेरी कधीपासून, विचारलं. भावजय म्हणाली, "चार वर्षं. दाढ दुकायची माजी. आई म्हणाल्या लाव, वन्सं पण म्हणाल्यात मशेरी बरी." डॉक्टरणीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा आरसा उचलला. माझं खोटं मिनिटभरसुद्धा टिकलं नाही.

"यांचे वाचतील," ती म्हणाली. "पण मशेरी आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून."

तिनं दोन बैठकांत भावजयीचं कीटण काढलं आणि काय वापरायचं ते हातात देऊन शिकवलं. ब्रश मऊ केसांचा, डोकं लहान, म्हणजे मागच्या दाढेपर्यंत पोचेल. तो तिरका धरायचा, हिरडी नि दात जिथं मिळतात त्या रेघेवर, आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा. थर तिथंच बसतो, नुसते दात चमकवून उपयोग नाही. हिरड्या उतरून दातांमध्ये फटी पडल्या होत्या, त्यात दात साफ करायचा दोरा पुरत नव्हता. त्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा, पण काडीएवढा बारीक ब्रश दिला. भावजय दोन-तीनदा चुकली, मग बरोबर करायला लागली. ब्रश तिनं मुठीत नाही, बोटांत धरला होता. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मला माझ्या आईची ती मूठ आठवत होती.

दोघी गावी गेल्या. पाचव्या दिवशी फोन. "वन्सं, रगात येतंय." मी म्हटलं, येऊ दे, सोडू नकोस, थांबेल. आठव्या दिवशी पुन्हा फोन, या वेळी रडत. पडवीत ब्रश घेऊन बसली की शेजारच्या बायका यायच्या. मरशील गो. सासूचं बगितलंस ना? बुरूस लावला नि म्हातारीचं बोळकं झालं. आईचे दात ब्रशनं गेले, असंच आता गावात ठरलं होतं. आणि त्याला आधार कुणाच्या शब्दाचा? मास्तरणीच्या! घरात मशेरीचा वास, डोकं दुखतंय, थुंकीत रक्त, नवरा मुंबईहून म्हणतोय कशाला नसती खटपट. "म्या लावनार बगा आता मशेरी," ती म्हणाली. "मला एकटीला नाय झेपत. तुमी येऊन सांगा त्यांना."

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू आमच्या गावच्या घरी करायचं आम्ही ठरवलं. वाण म्हणून बायकांना ब्रश द्यायचे. दुकानदार म्हणाला, एवढे सॉफ्ट कुणाला? माझं ठरलं होतं. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि स्पष्ट सांगायचं, मी चुकले होते. गाडीत वाक्यं पाठ केली. खरं सांगते, सव्वीस वर्षांत पहिल्या तासाला जाताना वाटली नाही तेवढी भीती वाटत होती.

ओसरी भरली. भावजयीनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला, ब्रश वाटले. बायका एकमेकींना ढोसत हसायला लागल्या. "ह्यानं काय भांडी घासू?" आई आत चुलीपाशी. वडील गेल्यापासून ती हळदीकुंकवाला ओसरीवर येत नाही. कुणी तिला अडवत नाही, तिनंच स्वतःला घालून घेतलेला नियम, आणि त्यावरून माझी तिची कैक भांडणं झालीत. त्या दिवशी भांडायला माझ्यात जोर नव्हता.

मी बोलायला उभी राहिले. थर, कीटण, हिरडी, मशेरीनं रक्त का लपतं, सगळं सांगितलं. ऐकत होत्या. मग आळीतली एक वयस्कर बाई, माझ्या आईची बरोबरीची, ब्रश मांडीवर ठेवून म्हणाली, "पन बाय, तूच ना म्हनालीस मशेरी बरी म्हनून? आज ह्ये सांगतेस, उद्या आनिक कायतरी सांगशील. तुजं खरं कंचं धरायचं आमी?"

भावजय माझ्याकडे बघत होती. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. मी तोंड उघडलं, आणि आवाज आतून आला.

"ती नाय म्हनाली!"

आई उंबरठा ओलांडून ओसरीवर आली होती. सगळ्या सवाष्णींच्या मधोमध उभी. पदर तोंडावर नव्हता. ते बोळकं तोंड तसंच उघडं ठेवून, शब्द स्पष्ट फुटत नव्हते तरी जोर लावून ती म्हणाली, "तिनं मला सांगितलंन, आये, बुरूस सोडू नको. म्हिनाभर सांगत व्हती. मलाच तलप झाली. म्या खोटं सांगितलं तुमास्नी. तिचं आयकलं असतं तर आज अशी झाली नसती."

"अगो म्हातारे!" कुणीतरी म्हणालं. "सात वरसं थापा मारलीस?" एक हसली, मग सगळ्या हसल्या. आई पण हसली. ती वयस्कर बाई मान हलवत म्हणाली, "म्हंजे मास्तरीण बरोबरच व्हती," आणि मांडीवरचा ब्रश उचलून तिनं कनवटीला खोचला.

मी गप्प बसले.

मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. वाक्य जिभेवर तसंच होतं. बायका अंगणात चपला शोधत होत्या तोवरही बोलता आलं असतं. मी आत आईकडे गेले आणि तिच्यावरच ओरडले, "कशाला खोटं बोललीस?" ती निखारे मागे ओढत होती. म्हणाली, "तुजा शबूद खाली पडला असता तर बुरूस कोन धरनार व्हता? माज्या तोंडात आता हाय काय जायला?" मग भावजयीकडे हनुवटीनं दाखवून म्हणाली, "हिचे अजून हायत." बाहेर बायकांचं हसू ऐकू येत होतं. मी बाहेर गेले नाही.

भावजयीचं रक्त थांबलं. हलणारे दोन दात अजून आहेत, बाकीचे घट्ट आहेत. आळीतल्या पाच-सहा बायकांनी मशेरी सोडली, काहींनी सोडून पुन्हा धरली. ब्रश संपला की माझ्याकडे निरोप येतो, मऊच पाठवा. शाळेत हे कुणाला कळलं असतं तर माझा सत्कारच केला असता.

आईची कवळी बसली नाही. डॉक्टरीण म्हणाली होती तसंच झालं. ती पेज पिते, भात कालवून गिळते, आणि गावात तिला थापाडी म्हणतात. प्रेमानं म्हणतात, चेष्टेनं म्हणतात, पण थापाडीच म्हणतात. परवा मी गेले होते तेव्हा शेजारची सून अंगणातून ओरडली, "ताय, ही म्हातारी सांगतेय आज येष्टी बंद हाय, खरं हाय काय हो? हिचा काय भरवसा!" आई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हिरड्या दाखवत हसली. मी म्हणाले, "हो, बंद आहे एसटी," आणि तेवढंच बोलले.